खडूच्या रेघांचा समुद्र

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करू लागली की घरात एकही वस्तू टाकाऊ राहत नाही. फुटकी वीट बुरूज होते, गोणपाट डोंगर होतो, अळिवाचे चार दाणे पेरले की रान उगवते. तयार किल्ले आता बाजारात मिळतात. परंतु ते पाहून कोणाच्या अंगात वीरश्री संचारल्याचे ऐकिवात नाही! लुटुपुटीच्या लढाईचा हा नाद युरोपातल्या मोठ्या माणसांनाही होता, आणि त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

प्रशियाच्या राजाला १८१२ साली बॅरन राइसविट्झ यांनी युद्धाच्या खेळाचे एक सुरेख मेज नजर केले. त्यावर मांडायचे डोंगर, नद्या, गावे सारे नक्षीदार. राजवाड्याला शोभेल असेच ते होते, आणि राहिलेही राजवाड्यातच. पुढे १८२४ मध्ये त्यांच्या मुलाने कागदी नकाशा आणि धातूचे छोटे ठोकळे एवढ्यावरच तो खेळ बसविला, तेव्हा कुठे तो पलटणीपलटणींत पोहोचला. थाट गेला आणि खेळ कामाचा झाला.

इंग्लंडात एच. जी. वेल्स यांनी तर तो थेट दिवाणखान्याच्या जमिनीवर आणला. मुलांची शिशाची शिपाईगडी आणि लाकडी गोळी उडविणारी स्प्रिंगची तोफ एवढेच काय ते विकतचे. बाकी विश्वकोशाचे जाडजूड खंड म्हणजे टेकड्या, लाकडी ठोकळ्यांची घरे आणि बागेतल्या डहाळ्यांचे जंगल. या खेळाचे त्यांचे पुस्तक १९१३ साली निघाले. खऱ्या युद्धापेक्षा हे बैठे युद्ध शहाणपणाचे, असे त्यांनी त्यात बजावले होते. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले.

परंतु या खेळाची खरी कसोटी लागली ती १९४२ साली, लिव्हरपूलमध्ये. अन्नधान्य आणि तेल घेऊन येणारे जहाजांचे तांडे जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये बुडवीत होत्या. हा प्रश्न सोपविला गेला तो गिल्बर्ट रॉबर्ट्स या क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागलेल्या अधिकाऱ्याकडे. डर्बी हाऊस या इमारतीतली एक खोली आणि नौदलाच्या महिला शाखेतल्या काही तरुण मुली, एवढे त्यांचे सैन्य. लिनोलियमच्या जमिनीवर रेघा आखल्या, तो झाला समुद्र. लाकडाचे लहान तुकडे, ती झाली जहाजे. खेळणाऱ्या कप्तानांना पडद्याआड बसवीत आणि भोकातून दिसेल तेवढेच पाहू देत, कारण समुद्रावर सगळे चित्र कोणालाच दिसत नसते. पाणबुडीची वाट हिरव्या खडूने काढीत. पडद्यामागून ती रेघ नजरेस येत नसे. केवढी साधी युक्ती!

बुडालेल्या जहाजांच्या नोंदी या जमिनीवर पुन्हा मांडून पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. पाणबुडी बाहेरून नव्हे, तांड्याच्या मागून रात्री आत शिरते, ऐन मध्यातून टॉर्पेडो सोडते, मग बुडी मारून स्वस्थ राहते आणि तांडा पुढे निघून जातो. मग रक्षक जहाजांनी तिला मागच्या बाजूस शोधावे हे ओघानेच आले. या डावपेचाला जीन लेडलॉ या तरुणीने ‘रास्पबेरी’ असे नाव सुचविले. हे फळाचे नाव खरे. पण तोंडाने फुर्र करून वाकुल्या दाखविण्यालाही इंग्रज रास्पबेरीच म्हणतात, आणि या वाकुल्या हिटलरला होत्या.

नवे सरसेनापती मॅक्स हॉर्टन हे स्वतः पहिल्या महायुद्धातले नामांकित पाणबुडीवाले. त्यांनी जमिनीवरची पाणबुडी चालवायला घेतली आणि जॅनेट ओकेल या मुलीपुढे ते पाच वेळा हरले. त्यानंतर खोलीच्या उपयोगाविषयी त्यांना शंका उरली नसावी.

युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी इथे गुडघे टेकून शिकून गेले. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि डोनिट्झ यांना उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घ्याव्या लागल्या. रडार, विमाने आणि गुप्तलिपी फोडणारे यांचाही त्यात मोठा वाटा होता. सारे श्रेय खडूला देणे अन्यायाचे होईल. तथापि शत्रूला तो खडू चांगलाच बोचला असावा. १९४५ मध्ये रॉबर्ट्स जर्मनीत फ्लेन्सबुर्गला गेले, तेव्हा पाणबुडी दलाच्या कचेरीत भिंतीवर त्यांना स्वतःचेच छायाचित्र लावलेले आढळले. खाली लिहिले होते, हा आपला शत्रू.