परभाषेचे श्रवण

दूरच्या आवाजावरून परभाषा शिकणे नवे नाही. बी.बी.सी.ने १९४३ साली रेडिओवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. ‘टेड’ची व्याख्याने २००६ पासून इंटरनेटवर खुली झाली. २००९ साली ऑक्सफर्डच्या व्यासपीठावरून नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा अदिची यांनी सांगितले, की त्यांचे उत्तम इंग्रजी ऐकून एका खोलीत राहणारी अमेरिकन विद्यार्थिनी चकित झाली. इंग्रजी तर नायजेरियाची राजभाषा! तिला शब्द कळत होते, माणूस कळत नव्हता. म्हणून असे व्याख्यान वर्गात नुसते ऐकवून भागत नाही. आपणही कोणाविषयी एकच गोष्ट ऐकून मत बनविले काय, हे शिकणाऱ्याने त्या नव्या भाषेत बोलून दाखवावे व दुसऱ्याचे ऐकावे. निरनिराळ्या प्रांतांच्या कामगारांची एकी अशीच, आधी ऐकून घेतल्याने होते.