पावसाळ्यातले राखणदार

1664 साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. पुढे राज्यं बदलली, तरी राखणदारांची काही घरं आतच राहिली. होड्या चालू असताना कुणीही किल्ला बघून येईल. खरी राखण पावसाळ्यातली. आगोटीचे तांदूळ, मीठ, सुकी मासळी, रॉकेल मे महिन्यातच आत न्यायचं. मग नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. गोड्या पाण्याला दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेतच. कुणी आजारी पडलं तर मात्र कठीण. तरी थांबायचं, कारण शिवराजेश्वराचा दिवा पावसापायी चुकवायचा नाही. आता पोरांच्या शाळेसाठी बरीच घरं मालवणात येतात. मागे उरलेल्यांचं ओझं कुठल्या बखरीत लिहिलं जाणार?