योगातील आसनाचे स्थान

योग म्हटला की आपल्यापुढे शीर्षासन उभे राहते. परंतु पतंजलींच्या सुमारे दोनशे सूत्रांपैकी आसनाच्या वाट्याला अवघी तीन आली आहेत. त्यांचा सारा रोख चित्तवृत्ती आवरण्यावर आहे.

निवृत्तीनाथांना गहिनीनाथांचा उपदेश आपल्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर लाभला, अशी परंपरा आहे. त्यांचे शिष्य ज्ञानेश्वर १२९० साली गीतेचा सहावा अध्याय सांगताना आसनापासून आरंभ करतात आणि कुंडलिनीच्या वाटेने साधकाला ब्रह्मस्वरूपापर्यंत नेतात.

पुढे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व योगक्रिया क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासल्या. आसनांनी शरीराला लाभ होतो, हे खरेच. पण आसन हा योगाचा उंबरठा आहे. नवख्याने तेथे अवश्य टेकावे, बिऱ्हाड मात्र थाटू नये.