पॅरिसचे माळी आणि तांबडा चंद्र

टोमॅटोला आपल्याकडे कोठे वेलवांगे म्हणतात, तर वऱ्हाडात भेदरे म्हणतात. आपल्या मळ्यांत या पिकाचे खरे वैर वैशाखातील कडक उन्हाशी आणि पावसाळी हवेतील करप्याशी असल्यामुळे थंडी हा त्याचा काळ आहे, असे आपल्या शेतकऱ्याच्या मनात सहसा येत नाही. म्हणून ज्या मुलुखात एप्रिल सरत आला तरी पहाटे गवतावर हिमदव साचलेले दिसते, तेथे या उष्ण देशीच्या रोपट्याला ऋतूच्या आधी उघड्यावर लावून त्याला वेळेवर फळ आणण्याचा उद्योग ज्यांनी पिढ्यान् पिढ्या केला, त्यांचा इतिहास आपल्याला काहीसा परका, परंतु फार बोधक वाटेल. पॅरिस शहराच्या अंगाखांद्यावर मळे करणारे माळी हे त्या उद्योगातील सर्वांत निष्णात लोक होते, असे माझे मत आहे.

पॅरिस हे 48 अक्षांशांच्याही उत्तरेस. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा. मेक्सिकोत तो मनुष्याच्या हाताखाली वाढला, आणि त्याचे नावही तेथील नाहुआत्ल भाषेतूनच जगभर गेले. जमीन सुमारे 10 अंश सेंटिग्रेडच्या खाली असली तर त्याचे बी उगवत नाही. रोप कसेबसे जगले तरी थंड मातीत त्याच्या मुळांना स्फुरद उचलता येत नाही, पानांची खालची बाजू जांभळी पडते आणि महिना महिना ते आहे त्या ठिकाणी खुरटून उभे राहते. रात्री फार गार असल्या तर फुले येतात, पण फळ न धरता गळून पडतात. बी पेरल्यापासून फळ पिकेपर्यंत जवळजवळ चार महिने जातात. तेव्हा मे महिन्याच्या उबेची वाट पाहून जो पॅरिसमध्ये वाफ्यात बी टाकील, त्याच्या वेलाला फळे लटकतात न लटकतात तोच शरदातील थंडी दाराशी येऊन उभी राहणार. सारा प्रश्न हा असा मुदतीचा होता.

हे फळ पॅरिसला पोहोचले तेही उशिराच. प्रोव्हान्स प्रांतात, म्हणजे दक्षिणेच्या उन्हात, ते आधीपासून खाल्ले जात होते; उत्तरेत मात्र पुष्कळ काळ ते शोभेचे झाड गणले जाई. विल्मोरँ या प्रसिद्ध बियाणेवाल्या घराण्याच्या यादीत 1760 साली ते बागेच्या शोभेच्या वनस्पतींत आढळते आणि 1778 साली भाज्यांत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत दक्षिणेकडील माणसे राजधानीत आली व त्यांच्याबरोबर त्यांची चवही आली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंतांच्या जेवणात टोमॅटोला मान मिळू लागला. मान मिळाला की भाव मिळतो, आणि हंगामाच्या आधी आलेल्या मालाला दुप्पट भाव मिळतो, हे पॅरिसच्या माळ्याला कोणी शिकवावे लागले नाही.

या माळ्यांना तेथे ‘मारेशे’ म्हणत. ‘मारे’ म्हणजे दलदल. शहरालगतची पाणथळ जमीन उपसून त्यांच्या पूर्वजांनी मळे केले, त्यावरून हे नाव पडले. हंगामापूर्वी भाजी आणण्याची विद्या त्यांच्याही आधी राजवाड्यात सिद्ध झाली होती. चौदाव्या लुईचा बागप्रमुख ला कँतिनी याने व्हर्सायच्या राजोद्यानात भर हिवाळ्यात शतावरीचे कोंब राजाच्या पानात वाढविले. परंतु त्याच्या हाताशी सरकारी खजिना होता. मारेशेच्या हाताशी होती घोड्याची लीद. शहरात हजारो घोडी होती. रात्री भाजीची गाडी बाजारात रिकामी करायची आणि परतताना एखाद्या तबेल्याची लीद भरून आणायची, हा त्यांचा नित्याचा दस्तूर. नगराची घाण आणि नगराचे अन्न यांचा असा चोख जमाखर्च फार थोड्या ठिकाणी जमला असेल.

त्या लिदीचे ते काय करीत, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ताजी, वाफाळणारी लीद पेंढ्यासकट दाताळ्याने झटकून वाफ्याच्या आकारात फूट-दीड फूट उंच रचायची. कोरडी वाटली तर तिच्यावर पाणी शिंपायचे. मग पायांनी सर्वत्र सारखी तुडवायची, कारण जेथे ती भुसभुशीत राहील तेथे आधी भडका होतो व मागाहून खड्डा पडतो. तिच्यावर गेल्या वर्षीच्या वाफ्याचे कुजून काळे झालेले खत चाळून सहा इंच पसरायचे. पहिले काही दिवस आतील उष्णता इतकी चढते की त्यात हात ठेववत नाही. त्या अवधीत बी टाकले तर ते शिजून जायचे. म्हणून जुना माळी रोज सकाळी वाफ्यात एक काठी खुपसून ठेवी, थोड्या वेळाने ती उपसून मुठीत धरी, आणि मूठ सहज मिटून राहिली की पेरणीचा हुकूम देई. फेब्रुवारी-मार्चात अशा उबदार वाफ्यावर पेरलेले टोमॅटोचे रोप दोन पानांवर आले म्हणजे दुसऱ्या, किंचित निवलेल्या वाफ्यात हलवायचे, आणि मे महिन्यात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या पायथ्याशी उघड्यावर लावायचे. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू परत करते. दोन-तीन घड धरले की वरचा शेंडा खुडून टाकायचा, म्हणजे झाडाचा सारा जोर त्या फळांच्या पिकण्यात जाईल.

लावणीनंतर प्रत्येक रोपावर काचेची एक घंटा उपडी ठेवली जाई. सव्वा-दीड फूट रुंदीची, एकसंध काचेची ही घंटा म्हणजे मारेशेच्या मळ्याची ओळखच होती. वाऱ्याची दिशा पाहून तिची विरुद्ध बाजू खाचा पाडलेल्या लाकडी खुंटीवर उचलून ठेवायची, उन्हाप्रमाणे एक खाच वर किंवा एक खाच खाली करायची, आणि सूर्य कलताच ती पुन्हा टेकवून टाकायची. हजार घंटांच्या मळ्यात हे काम दिवसातून दोनदा हातांनी करावे लागे. काच दिवसाचे ऊन आत घेते खरी, परंतु रात्री तीही निवते; म्हणून संध्याकाळी तिच्यावर राय या धान्याच्या पेंढ्याची विणलेली तट्टी पसरावी लागे.

या तट्ट्यांपाशीच माळ्याच्या अनुभवाची आणि पंडितांच्या शास्त्राची एक संस्मरणीय गाठ पडली. युरोपातील शेतकरी मे महिन्याच्या 11, 12 व 13 या तारखांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात. मामेर, पांक्रास आणि सेर्वे या तीन संतांचे ते दिवस उलटल्यावाचून कोवळे रोप उघड्यावर सोडू नये, अशी वहिवाट. तसाच दुसरा समज ईस्टरनंतरच्या चंद्राविषयीचा. त्याला ‘तांबडा चंद्र’ म्हणत, कारण त्याच्या प्रकाशाने कोवळी पालवी करपून तांबडी पडते, असे माळी सांगत. अठराव्या लुईने एकदा भेटीस आलेल्या ज्योतिर्विदांना मोठ्या आस्थेने विचारले की, हा तांबडा चंद्र म्हणजे काय आणि पिकांवर त्याचा परिणाम कसा होतो ते मला समजावून द्या. त्यांत लाप्लास होता. ग्रहगोलांची गती ज्याने जन्मभर मोजली, त्या लाप्लासला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आमच्या शास्त्रात या चंद्राला स्थान नाही, एवढेच तो म्हणू शकला. पुढे त्याने ज्योतिर्विद आरागोकडे चौकशी केली, आणि आरागो सरळ शहरातील वनस्पतिउद्यानाच्या माळ्यांकडे गेला.

माळ्यांनी त्याला सांगितले ते अक्षरशः खरे होते. निरभ्र चांदण्या रात्री हवेतील उष्णतामापक शून्याच्या वर काही अंश असतानाही पाने गोठतात, आणि आभाळ भरून चंद्र झाकलेला असला तर त्याच थंडीत ती सुखरूप राहतात. याची उकल इंग्लंडमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने 1814 साली आपल्या दवबिंदूंवरील निबंधात आधीच केली होती. स्वच्छ आकाशाखाली पान आपली उष्णता वर टाकीत राहते, आणि सभोवतालच्या हवेपेक्षा सहा-सात अंशही अधिक थंड होऊ शकते. चंद्र हा केवळ आकाश मोकळे असल्याचा साक्षीदार. अपराध मोकळ्या आकाशाचा. वेल्सने चार काठ्यांवर एक पातळ रुमाल गवतापासून सहा इंच उंच ताणून बसविला, आणि त्याखालचे गवत शेजारच्या उघड्या गवताहून कितीतरी उबदार असल्याचे मोजून दाखविले. त्याच निबंधात त्याने असेही मान्य केले आहे की, एखाद्या विरळ चटईने थंडी काय अडणार, असे म्हणून पूर्वी तो माळ्यांना हसत असे, आणि ते हसणे अर्धवट ज्ञानाच्या अहंकाराचे होते. विद्वानाने इतक्या मोकळेपणाने दिलेली कबुली मला त्याच्या सिद्धांताइतकीच मोलाची वाटते.

आपल्या देशाचाही या प्रकरणात वाटा आहे. अलाहाबादेकडे हिवाळ्यात उथळ मातीच्या पसरट भांड्यांत पाणी घालून ती पेंढ्यावर मांडून रातोरात बर्फ धरण्याची रीत होती. तिची हकीकत सर रॉबर्ट बार्कर याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती, आणि वेल्सने आपल्या विवेचनात हिंदुस्थानातील बर्फाचा विचार केला आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जे हिमकण दिसतात, ते याच नियमाने. पौषात पहाटे शेतावर जाणाऱ्याने सहज पाहावे, उघड्या बांधावरचे गवत पाय भिजविते आणि आंब्याखालचे कोरडे असते.

मारेशेच्या विद्येची परमावधी एकोणिसाव्या शतकात झाली. मोरो आणि दाव्हेर्न या दोघा माळ्यांनी 1845 साली आपल्या धंद्याची समग्र रीत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. त्यापूर्वी ती बापाकडून मुलाकडे तोंडीच जात असे. पुढे रशियन विचारवंत क्रोपॉटकिनने 1899 साली ग्रंथरूपाने निघालेल्या आपल्या शेती व कारखानदारीवरील पुस्तकात पाँस नावाच्या माळ्याचा हिशेब दिला आहे. त्याच्या अवघ्या 2.7 एकरांत आठ माणसे राबत, आणि इतर भाज्यांच्या राशींखेरीज वर्षाला टोमॅटोच्या 5,000 टोपल्या निघत.

मग शहर वाढले आणि मळ्यांना बाहेर ढकलीत गेले. आगगाडीने दक्षिणेचा टोमॅटो स्वस्तात आणून टाकला. मोटारी आल्या, घोडी गेली आणि त्यांच्याबरोबर लीदही गेली. 1948 साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट याने प्लास्टिकच्या कागदाचे हरितगृह उभारले. त्यानंतर जड, ठिसूळ काचेची घंटा कोण वागविणार? आज थंड प्रदेशात टोमॅटो लवकर लावणारा मनुष्य काळा कागद अंथरून जमीन तापवितो आणि पांढरे झिरझिरीत कापड वर ओढतो. पण मातीला आधी ऊब द्यावी आणि रात्रीच्या आकाशापासून पान झाकावे, ही दोन्ही सूत्रे मारेशेंनीही पिढ्यान् पिढ्या पाळली होती, आणि त्यांचे श्रेय त्या लोकांच्या पदरात पडावे असे मला मनापासून वाटते.

त्यांच्या जमिनीविषयीची एक गोष्ट क्रोपॉटकिनने नमूद केली आहे. लिदीचे वाफे वर्षानुवर्षे कुजून मळ्याची माती इतकी वाढे की तिचा काही भाग दरसाल विकावा लागे. ही माती जमीनमालकाची नव्हे, माळ्याने स्वतः केलेली, हे सर्वांना मान्य होते. म्हणून पॅरिसमधील भाडेपट्ट्यांत असे कलमच घातले जाई की, कूळ जमीन सोडून जाईल तेव्हा ठरल्या खोलीपर्यंतची माती त्याला बरोबर नेता येईल. मुदत संपली की माळी काचा, नळ आणि अवजारांबरोबर आपली मातीही गाड्यांत भरून नव्या जागी नेत असे.