सीप्झमधील इलेक्ट्रॉनिकी उद्योग व कामगार

सीप्झमधील इलेक्ट्रॉनिकी उद्योग व कामगार : ‘सीप्झ’ हे ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन’ या निर्यात क्षेत्राचे आद्याक्षरी नाव. केंद्र शासनाने १९७३ मध्ये हे क्षेत्र केवळ इलेक्ट्रॉनिकी वस्तूंच्या निर्यातीसाठी स्थापन केले. नावात सांताक्रूझ असले, तरी ते अंधेरी (पूर्व) येथे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत सु. शंभर एकर जागेवर वसले आहे. विमानतळ जवळ असल्याने हलका व मौल्यवान माल हवाईमार्गे पाठविणे सोयीचे होते.

पार्श्वभूमी : आयर्लंडमधील शॅनन (१९५९) येथे अशा क्षेत्राचा प्रयोग प्रथम यशस्वी झाला. भारतात कांडला (१९६५) व तैवानमध्ये गाउश्युंग (१९६६) येथे त्याचे अनुकरण झाले. परदेशातून जकातमुक्त सुटे भाग आणावयाचे, त्यांची जुळणी करावयाची व तयार माल पुन्हा बाहेर धाडावयाचा, अशी ही पद्धती होय. वस्तूचा आराखडा, तिचे व्यापारी नाव आणि विक्री ही परदेशी खरेदीदाराच्या हाती राहत. जुळणीचा खर्च मुख्यतः मजुरीचा असल्याने स्वस्त श्रम हेच अशा क्षेत्रांचे प्रमुख आकर्षण ठरले.

कामाचे स्वरूप : जुळणीच्या कामावर बहुसंख्येने तरुण स्त्रिया घेतल्या गेल्या. स्त्रियांची बोटे चपळ असतात, असे कारण याबाबत सर्रास देण्यात येई. तथापि शिवणकामादी घरकामातून आलेले हे कौशल्य ‘कौशल्य’ म्हणून गणले जात नसे व वेतन अकुशल कामाचेच राही. सूक्ष्मदर्शकाखाली संकलित मंडलांना बारीक तारा जोडणे, तसेच मुद्रित मंडलांवर डाखकाम (सोल्डरिंग) करणे, ही या उद्योगातील नित्याची कामे होत. पहिल्याने डोळ्यांवर ताण पडतो. दुसऱ्यात राळयुक्त अभिवाहाचा धूर श्वासावाटे जाऊन दम्याचा विकार जडू शकतो. जुन्या डाखात शिसेही असे.

कायदा व संघटना : निर्यात क्षेत्रांना देशाचे कामगार कायदे लागू होते, त्यांच्या अंमलबजावणीत मात्र फरक पडे. औद्योगिक कलह अधिनियम, १९४७ खाली या क्षेत्रांना ‘लोकोपयोगी सेवा’ घोषित केल्याने संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक झाली. पाणीपुरवठ्यासारख्या सेवेसाठी योजलेले हे बंधन निर्यातीच्या मालासही लागले. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमान्वये मान्यतेसाठी संघटनेचे किमान ३० टक्के कामगार सभासद असणे आवश्यक होते. जेथे कामगार अल्पकाळ टिकत वा कंत्राटदाराच्या नावे लागत, तेथे ही अट पुरी करणे कठीण जाई. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० प्रमाणे कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर होती. परंतु ती कारखान्यापाशीच संपे, सागरापलीकडील खरेदीदारापर्यंत पोहोचत नसे.

सीप्झमध्ये पुढे संगणक आज्ञावली आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रत्ने व दागिने हे उद्योग आले. नोव्हेंबर २००० मध्ये त्याचे विशेष आर्थिक क्षेत्रात रूपांतर झाले. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियमाने कामगारविषयक काही अधिकार विकास आयुक्ताकडे सोपविण्याची मुभा राज्यांना दिली. निर्यातवाढीचे उत्तरदायित्व आणि कामगारांचे रक्षण ही दोन्ही कामे त्यामुळे एकाच अधिकाऱ्याकडे येऊ शकतात.

खरेदीदारांचे दायित्व : २००४ मध्ये मोठ्या इलेक्ट्रॉनिकी कंपन्यांनी पुरवठादारांसाठी समान आचारसंहिता स्वीकारली. तीत आठवड्याचे काम जादा वेळेसह ६० तासांपर्यंत मर्यादित करून सात दिवसांत एक सुटी सांगितली आहे. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिसे व अन्य काही द्रव्यांचा वापर निर्बंधित केला. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने कथिल, टँटलम, टंगस्टन व सोने ही खनिजे काँगोच्या संघर्षग्रस्त प्रदेशातून आली काय, हे जाहीर करणे संबंधित कंपन्यांस भाग पाडले. या उपायांनी साखळीचा काही भाग उजेडात आला. तथापि आचारसंहितेची तपासणी ठराविक दिवशी होते. कामगारांची संघटना रोज हजर असते. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाल्यावर फॉक्सकॉनच्या स्त्री-कामगारांनी महामार्ग अडविला, तेव्हाच ॲपलने तो कारखाना देखरेखीखाली घेतला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांनुसार संपापूर्वीच्या नोटिशीचे बंधन सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाले. तसेच संमती व सुरक्षेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळीची मुभा मिळाली. निर्यात क्षेत्रापुरता अपवाद म्हणून आलेला नियम अशा रीतीने सर्वसामान्य झाला. वस्तूच्या किमतीतील आपला वाटा आणि आपल्या आरोग्याची हमी कामगाराने कोणाकडे मागावयाची, हा सीप्झच्या स्थापनेबरोबर उपस्थित झालेला प्रश्न त्यामुळे आता एका वसाहतीपुरता राहिलेला नाही.