वस्तादांची खाशाबा-कथा

१९७६ साली मी दहावीला होतो आणि पहाटे चारला उठून गावच्या तालमीत जोर मारत होतो. आमचे वस्ताद ऐन उमेदीत कोल्हापूरची तालीम सोडून गावी आलेले. घरात खुराकाला पैसा उरला नव्हता. आपलं राहिलेलं या पोराकडून पुरं करून घ्यायचं, असं त्यांनी मनात धरलेलं. मला मात्र जत्रेत चार कुस्त्या माराव्यात, फेटा बांधून घ्यावा नि वडलांच्या हाताखाली शेती करावी, एवढंच वाटायचं. पण वस्तादांपुढं तोंड उघडायची छाती नव्हती.

जोर झाले की ते खाशाबा जाधवांची गोष्ट काढायचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी. लाल मातीत वाढलेला, गादीवरची कुस्ती नवी. तरी १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक.

"त्यांनी घर गहाण टाकलं, तुला नुसता घाम गाळायचाय!" वस्ताद म्हणायचे.

त्या साली जत्रेत मी मुद्दाम अंग सैल सोडलं नि चितपट झालो. लोकांना कळलं नाही, वस्तादांना कळलं. रात्री घरी आले. चहा तसाच ठेवून म्हणाले, "पोरा, पैलवान तुला व्हायचं होतं, का मला?"

मी रडत रडत खरं ते सांगितलं. ते गुमान उठून गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "ये, बारक्या पोरांना डाव दाखव."

पुढं कितीतरी वर्षांनी त्या गोष्टीतली मेख ध्यानात आली. हेलसिंकीची ओढ आधी खाशाबांना होती. पैशासाठी ते स्वतः लोकांच्या दारी हिंडले होते. प्राचार्यांनी घर गहाण टाकलं ते त्यांच्या स्वप्नासाठी, आपलं त्यांच्या गळ्यात बांधायला नव्हे.

आता पोरं माझ्याकडं येतात. हौशीनं येणाऱ्याला मी हौसेपुरतंच शिकवतो. मागं एकाला फार लांब जायचं होतं. माझे डाव त्याला पुरणार नव्हते. जीव तुटला, पण मीच त्याची वळकटी उचलून त्याला कोल्हापूरच्या एसटीत बसवलं.