टायटस ओट्सची डॉक्टरकी आणि व्हिगांची मोहीम

राजा दुसरा चार्ल्स याचा भाऊ व वारस जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, हा रोमन कॅथलिक होता. त्याला वारसाहक्कातून वगळावे यासाठी १६७९ ते १६८१ या काळात इंग्लंडमध्ये शाफ्ट्सबरीच्या अर्लच्या पुढाकाराने जी मोहीम झाली, तीतूनच व्हिग पक्ष आकारास आला. प्रोटेस्टंट धर्माचे रक्षण हे तिचे ब्रीद होते. तथापि या मोहिमेस लोकक्षोभाचे बळ मिळाले ते टायटस ओट्सच्या साक्षीमुळे. आणि धर्माचा साक्षीदार म्हणून मिरविण्याचा त्याचा अधिकारच मुळात संशयास्पद होता.

ओट्स केंब्रिजमधून पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे तो अँग्लिकन पंथाचा धर्मोपदेशक झाला. परंतु केंटमधील बॉबिंग येथील त्याची वृत्ती फार काळ टिकली नाही आणि आरमारातील धर्मोपदेशकाच्या जागेवरूनही त्याला काढून टाकण्यात आले. १६७७ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. त्यानंतर स्पेनमधील वायादोलिद व फ्लँडर्सच्या सीमेवरील सेंट ओमेर येथील जेझुइटांच्या विद्यालयांत त्याला प्रवेश मिळाला आणि दोन्ही ठिकाणांहून त्याची हकालपट्टी झाली. स्पेनमधील त्याचे वास्तव्य काही महिन्यांचेच होते. तरीही सालामांका विद्यापीठाने आपणास धर्मशास्त्राचा डॉक्टर केले, असे तो सांगे आणि १६७९ मध्ये छापलेल्या आपल्या निवेदनावर नावापुढे ती पदवी लावी. कॅथलिक पंथाचे सोंग आपण केवळ हेरगिरीसाठी घेतले होते, असाही त्याचा दावा होता. हे खरे मानले तर तो पवित्र विधींविषयी खोटे बोलला होता. खोटे मानले तर त्याची साक्षच उरत नव्हती. हा पेच त्या काळी दिसण्याजोगा होता, पण ज्यांना त्याची साक्ष हवी होती त्यांनी तो विचारात घेतला नाही.

जेझुइट राजाचा खून करणार असल्याचे प्रतिज्ञापत्र त्याने सप्टेंबर १६७८ मध्ये न्यायाधीश सर एडमंड बेरी गॉडफ्रे यांच्यापुढे केले. ऑक्टोबरमध्ये गॉडफ्रेचे प्रेत सापडले आणि एडवर्ड कोलमनचा फ्रान्सशी चाललेला पत्रव्यवहारही उघडकीस आला. या दोन घटनांनी ओट्सला जे वजन दिले, ते कोणत्याही विद्यापीठाला देता आले नसते.

धर्माच्या कसोटीचा खरा विपर्यास जून १६७९ मधील पाच जेझुइटांच्या खटल्यात झाला. २४ एप्रिल १६७८ रोजी लंडनमधील एका खाणावळीत भरलेल्या कटाच्या बैठकीस आपण हजर होतो, असे ओट्सने शपथेवर सांगितले. त्या दिवशी तो सेंट ओमेर येथेच होता, असे तेथील अनेक विद्यार्थ्यांनी सांगितले. पण ते कॅथलिक होते, म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत राहिली नाही. बनावट डॉक्टरकीच्या माणसाचे खरे ठरले आणि पाचही जणांना २० जून रोजी फाशी झाली. विशेष हे की त्या दिवशी जेझुइटांची बैठक खरोखरच झाली होती, मात्र ती खाणावळीत नव्हे, तर ड्यूक ऑफ यॉर्कच्याच निवासस्थानी, आणि तिचा राजाच्या खुनाशी संबंध नव्हता.

जुलैमध्ये राणीचा वैद्य वेकमन निर्दोष सुटला, तेव्हा ओट्सच्या साक्षीला पहिला तडा गेला. तरी मोहिमेने त्याला सोडले नाही. न्यायाधीश स्क्रॉग्ज हाच टीकेचा विषय झाला. सालामांकाच्या पदवीची खिल्ली उडविणारा ड्रायडन १६८१ मध्ये पुढे आला, तो दरबाराच्या पक्षातून. त्याच वर्षी १ जुलै रोजी आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना लंडनमध्ये देहान्त शासन झाले.

जेम्स गादीवर आल्यानंतर मे १६८५ मध्ये ओट्सवर खोट्या साक्षीचे खटले झाले. १६७९ मध्ये अविश्वसनीय ठरलेली सेंट ओमेरची साक्ष आता ग्राह्य मानण्यात आली. म्हणजे पुरावा तोच होता. बदलली होती ती सत्ता. फटके आणि जन्मठेप यांबरोबर धर्मोपदेशकाची वस्त्रे उतरविण्याचीही शिक्षा त्याला झाली. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर तो सुटला, त्याला निवृत्तिवेतन मिळाले आणि १६९३ मध्ये तो बाप्टिस्ट झाला. १७०१ मध्ये त्या पंथानेही त्याला काढून टाकले.